पोचलं म्हणजे पोचलं

जावक टेबलावरच्या काकूंची चूक आजवर कुणी काढली नव्हती. चुका झाल्या नव्हत्या असं नाही, काढायची कुणाची छाती नव्हती. साहेबसुद्धा काकूंच्या टेबलापाशी आले की आधी खोकायचे आणि मग बोलायचे.

कचेरी अनुदानाची. छोट्या छोट्या संस्थांना सरकारी मदत मिळायची. ती कुणाला द्यायची हे वरची समिती ठरवायची. काकूंचं काम एवढंच, की मंजुरीचं पत्र त्या संस्थेच्या हातात पडलं पाहिजे. एवढंच, हे आपलं म्हणायला! काकू पत्राची घडी अशी घालायच्या की साहेबांच्या सहीवर मोड येता कामा नये. डिंक असा लावायच्या की पाकीट उघडताना लोकांच्या नाकी नऊ यावेत. आणि पोचपावतीवर समोरच्याची सही परत येईपर्यंत 'पत्र गेलं' म्हणायच्या, 'पोचलं' हा शब्द तोंडातून काढायच्या नाहीत.

काही संस्थांना धड दारच नसायचं. बाहुल्यांचे खेळ करणारं मंडळ आज इथे तर उद्या तिथे. पुस्तकांची फिरती गाडी तर नावातच फिरती. अशांच्या पत्रावर काकू पत्ता घालायच्या, 'मार्फत, जावक टेबल', आणि पत्र बिस्किटांच्या जुन्या डब्यात जपून ठेवायच्या. ती मंडळी सवडीने उगवायची, काकूंची बोलणी खायची आणि पत्र घेऊन जायची. त्या डब्यातून पत्र हरवलं असं कधी झालं नाही. ही मार्फत जरा लक्षात असू द्या, कारण पुढे घोडं तिथेच पेंड खाणार आहे.

एक दिवस वरून हुकूम आला. कागद बंद. अर्ज कॉम्प्युटरवर, साहेबांची सही कॉम्प्युटरवर, पत्रही कॉम्प्युटरवरूनच जाणार. ज्याला पत्र मिळेल त्याने पंधरा दिवसांत आपल्या फोनवर बोटाने सही करून मदत स्वीकारायची. नाही केली तर मंजुरी आपोआप रद्द. हे सगळं शिकवायला एक गृहस्थ आले. त्यांनी एका दुपारी भराभर शिकवलं, चहा प्यायले आणि निघून गेले.

साहेबांच्या अंगात भलताच हुरूप संचारला. "काकू, आता डिंक नको, शिक्का नको, टपाल नको!"

"आणि मी?" काकूंनी विचारलं.

साहेब खोकले. "तुम्ही तर हव्याच. बटण कोण दाबणार?"

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा बऱ्याच जणांनी घरी मुलांकडून, नातवंडांकडून भरून घेतले. ज्यांना कुणीच नव्हतं ते खिडकीशी आले आणि काकूंनी त्यांचे अर्ज भरून दिले. रांगेच्या शेवटी एक उंच, सडसडीत बाई कडेवर कुणाचं तरी मूल घेऊन उभी होती. ती काकूंची सख्खी नणंद. काकू तिला वन्सं म्हणायच्या. ही गोष्ट कचेरीत कुणालाही ठाऊक नव्हती, कारण काकूंनी ताकास तूर लागू दिली नव्हती. जावकवालीने आपल्या माणसाचं काम पुढे सरकवलं, असं उद्या कुणी म्हटलं तर? म्हणून वन्सं कचेरीत आल्या की काकूंच्या लेखी त्या अनोळखी.

आता खरं सांगायचं, तर काकू कचेरीत बसत होत्या त्या वन्संच्या जिवावर. काकूंना नोकरी लागली तेव्हा त्यांचा मुलगा जेमतेम रांगत होता. वन्संनी शिवणाचा क्लास सोडला आणि त्या घरी बसल्या. भाच्याबरोबर मग शेजारणीचं मूल आलं, तिच्या बहिणीचं आलं, आणि बघता बघता बाजाराच्या मागे वरच्या मजल्यावर पाळणाघर उभं राहिलं. स्वतःचं लग्नबिग्न राहूनच गेलं. बाजारात माल विकणाऱ्या बायका आजही आपली पोरं त्यांच्या स्वाधीन करून निर्धास्त बसायच्या.

"नाव?" काकूंनी मान वर न करता विचारलं.

"विसरलीस?" वन्सं हळूच म्हणाल्या.

"नाव सांगा."

वन्संनी नाव सांगितलं. "आडनाव तुझंच आहे, ते तरी पाठ असेल."

"संस्थेचं काम?"

"आधी तुझा मुलगा मोठा केला. आता लोकांचे करते."

काकूंनी 'पाळणाघर' असं टाइप केलं. "मदत कशासाठी?"

इथे मात्र वन्संची थट्टा थांबली. पाळणाघराला वर चढायला एकच लाकडी जिना होता, तोही शिडीसारखा उभा. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने ठणकावून सांगितलं होतं की मागच्या बाजूने लोखंडी जिना करा, नाही तर पाळणाघर बंद करा. काही पेटलं-बिटलं तर एवढी पोरं उतरवणार कुठून? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वेल्डिंगवाला माप घेऊन गेला होता, पण मंजुरीचं पत्र बघितल्याशिवाय तो लोखंडाला हात लावणार नव्हता.

"ईमेल?"

"असेल की. भाच्याने फोन दिला तेव्हा काहीतरी करून दिलं होतं. कुठे ठेवलंय ते त्यालाच ठाऊक."

ईमेलचा रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर जागचा हलेना. बाहुलीवाले आणि फिरत्या गाडीवाले यांच्या वेळी हेच झालं होतं, आणि काकूंनी तोड काढली होती. ज्याला दार नाही त्याला काय करायचं हे काकूंना कुणी शिकवायला नको. त्यांनी वन्संच्या रकान्यातही कचेरीचाच ईमेल घातला. मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा नंबर घातला. मार्फत म्हणजे पुरती मार्फत, त्यात काटकसर कशाला? आणि मग वन्संचा अर्ज रीतसर सगळ्यांच्या शेवटी लावला.

यथावकाश मंजुऱ्या आल्या. पाळणाघराचीही आली. साहेबांनी यंत्रात किल्लीसारखं काहीतरी खुपसून सह्या केल्या, काकूंनी बटण दाबलं, आणि पडद्यावर प्रत्येक नावापुढे हिरवी खूण उमटली. खाली लिहिलेलं, 'पत्र पोचले'. साहेब खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी होते. "बघितलंत? महिनाभराचं काम चहा निवायच्या आत!"

काकूंना पोचपावतीशिवाय चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण यंत्रच 'पोचले' म्हणत होतं, आणि यंत्राशी हुज्जत कोण घालणार?

त्याच दिवसापासून काकूंच्या फोनवर टिंग टिंग सुरू झालं. 'आपले पत्र आले आहे. स्वीकारण्यासाठी ओटीपी अमुक अमुक. हा क्रमांक कुणालाही सांगू नका.' काकूंच्या मुलाने परगावी जाताना त्यांना बजावलं होतं, "आई, असे नंबर आले की कुणालाही सांगायचे नाहीत. मी मागितला तरी नाही. हे सगळे लुबाडणारे असतात." काकूंनी ही खूणगाठ पक्की बांधली होती. त्या नुसत्या सांगत नव्हत्या असं नाही, तर आलेला मेसेज दिसताक्षणी पुसून टाकत होत्या. टिंग झालं की पूस. वर साहेबांनाही ऐकवायच्या, "चोर मेले हात धुऊन मागे लागलेत. पण मी बरी दाद देईन!"

इकडे वन्संची खिडकीशी रोज फेरी सुरू झाली. दुपारी मुलं झोपली की शेजारणीला बसवून त्या यायच्या.

"आलं का गं पत्र?"

"पोचलं तुम्हाला."

"मला? मला कुठे पोचलं?"

"यंत्रावर हिरवी खूण आहे. पोचलं म्हणजे पोचलं. नीट बघा घरी."

"घरी काय बघू? पोरांचे लंगोट उलटेपालटे करून बघितले, त्यात नाही."

"पुढचे या," काकू म्हणायच्या. मागे कुणीही नसायचं.

संध्याकाळी घरी गेल्यावर काकूंना वाईट वाटायचं. नवऱ्यापाशी विषय काढला तर तो पेपर तोंडासमोर धरायचा. बहीण आणि बायको यांच्या मध्ये न पडण्याचा त्याला दांडगा अनुभव होता. "तुझं यंत्र खोटं बोलत नाही आणि माझी बहीणही," एवढं मात्र तो एकदा पेपराआडून म्हणाला. काकूंनी त्या रात्री भाजीत मीठ जरा जास्तच घातलं.

पंधरावा दिवस उजाडला. दुपारी वन्सं खिडकीशी आल्या नाहीत. काकूंचं टाइप करण्यात लक्ष लागेना. शेवटी टेबलावरचा फोन वाजला.

"वहिनी, मी बोलतेय." आवाजात टोमणा नव्हता, हसू नव्हतं. "सगळ्या आयांना सांगून टाकलं. पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे सोय बघा म्हणून. वेल्डिंगवालाही दुसरं काम धरतोय. तुला उगाच रोज त्रास दिला. राग मानू नकोस." आणि फोन ठेवला.

वन्संनी आजवर काकूंना नाही नाही ते ऐकवलं होतं, पण 'राग मानू नकोस' कधी म्हटलं नव्हतं. काकूंनी रिसीव्हर ठेवला आणि यंत्र पुढ्यात ओढलं. पत्र कुठल्या दारी गेलंय ते छापूनच वन्संच्या हातात ठेवावं म्हणून त्यांनी यंत्रावर पाळणाघराची नोंद उघडली. हिरवी खूण होतीच. तिच्याखाली बारीक अक्षरात पत्ता होता.

पत्ता कचेरीचा होता.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. कचेरीचा ईमेल उघडायचा पासवर्ड साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली होता. आजवर तो कुणी वापरला नव्हता. सगळे पत्रं पाठवायच्या नादात, आपल्याला कोण पत्र पाठवणार? काकूंनी साहेबांना जवळजवळ ढकलून काचेखालची चिठ्ठी ओढली. पेटी उघडली. आत बाहुलीवाले, फिरती गाडी आणि पाळणाघर, तिघांची पत्रं न उघडता शहाण्यासारखी एकाखाली एक बसली होती. डब्यात बसायची तशीच. फरक एवढाच, की डब्यात काकू रोज डोकावायच्या.

"म्हणजे," साहेब खोकायला विसरले, "आपणच पाठवलं आणि आपल्यालाच पोचलं?"

"आणि ओटीपी मला आले," काकू खाली बसत म्हणाल्या. "मी चोर म्हणून पुसले."

मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. काकूंनी बाहुलीवाल्यांना आणि गाडीवाल्यांना फोन लावले. ते जवळपासच होते, धावतपळत आले. दोघांनी कचेरीतच बोटाने सह्या केल्या. बाहुलीवाल्या आजोबांनी तर सहीच्या शेवटी एक छोटं नाकही काढलं. राहिलं पाळणाघर. वन्सं फोन उचलेनात. मुलं झोपली की त्या फोन मुका करून फळीवरच्या डब्यात टाकतात, हे काकूंना माहीत होतं. काकूंचा मुलगा लहान असताना त्या घड्याळसुद्धा गादीखाली दाबून ठेवायच्या.

साहेब वाकून हळूच म्हणाले, "काकू, पत्र तुमच्याकडे. ओटीपी तुमच्याकडे. बोटही तुमच्याकडे आहे. फिरवून टाका की. कोण बघतंय?"

काकूंचं बोट खरोखरच उचललं गेलं. एक रेघ ओढली की काम झालं असतं, वन्संना कळलंही नसतं, आणि काकूंची चूक बिनबोभाट पुरली गेली असती. त्यांनी बोट खाली घेतलं.

"बोट माझं आहे, सही तिची आहे. ज्याचं पत्र त्याच्याच हातात पडलं पाहिजे."

"अहो, पण ती बाई कोण लागून गेली, की तुम्ही एवढ्या..."

"माझी नणंद आहे ती," काकू पर्स उचलत म्हणाल्या. "सख्खी."

साहेबांनी खोकून पुढचं विचारायला तोंड उघडलं. काकू मात्र कधीच दाराबाहेर पडल्या होत्या.

बाजार ओलांडून जिन्यापाशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. पत्राची लिंक त्यांनी चालता चालता वन्संच्या फोनवर पाठवली होती. जिना मात्र चालता चालता चढण्यातला नव्हता. दोन्ही हातांनी कठडा धरून, गुडघ्यांना शिव्या देत त्या वर आल्या. एवढ्याशा जिन्यावरून पाठुंगळीला एक, कडेवर एक अशी पोरं घेऊन वन्सं रोज चढतात-उतरतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. आज पायांना कळलं.

दार लोटलं. जमिनीवर ओळीने मुलं झोपली होती. मध्ये वन्सं एका बाळाला थोपटत बसल्या होत्या. त्यांनी काकूंना बघितलं आणि आधी ओठांवर बोट ठेवलं.

म्हणून मग त्या दोघींचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण कुजबुजत झालं.

"वन्सं, चूक माझी आहे."

"काय?"

"चूक. माझी."

"परत सांग. ऐकू आलं नाही."

"आलंय तुम्हाला ऐकू."

"आलंय. तरी परत सांग."

काकूंनी परत सांगितलं. मार्फतीपासून पुसलेल्या ओटीपीपर्यंत सगळं. वन्संचे डोळे आधी मोठे झाले, मग त्यांनी पदर तोंडात कोंबला. हसावं की रडावं ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं, आणि दोन्हींनी मुलं उठली असती. "म्हणजे मी रोज तुझ्या दाराशी येऊन विचारत होते, आणि पत्र तुझ्याच घरात बसलं होतं?"

"फोन काढा आधी. पाचच्या आत सही हवी."

डब्यातून फोन निघाला. पत्र उघडलं. वन्संनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच सापडला, आणि त्या पत्र वाचू लागल्या. पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत.

"वन्सं, वाचताय काय! वेळ बघा!"

"न वाचता सही करू नये. खिडकीतून सगळ्यांना कोण ओरडून सांगतं?"

काकूंनी कपाळावर हात मारला, पण तोही आवाज न करता. अखेर जिन्याचं वाक्य आलं. वन्संनी ते पुन्हा एकदा वाचलं आणि खालचं बटण दाबलं. काकूंच्या फोनवर टिंग झालं. सवयीने अंगठा पुढे गेला आणि मेसेज पुसला गेला.

काकूंनी जीभ चावली.

"वहिनी," वन्सं दात आवळून कुजबुजल्या, "तुला मी इथेच पाळण्यात घालीन हां."

पुन्हा बटण. पुन्हा टिंग. आता काकूंनी अंगठा मुठीत दाबून धरला. आकडे समोर होते. खाली तेच वाक्य होतं. इतक्या दिवसांची शिस्त अशी भिनली होती की तोंडच उघडेना.

"सांग की."

"कुणालाही सांगू नका असं लिहिलंय," काकू म्हणून गेल्या.

वन्संचा थोपटणारा हात थांबला. थट्टेत म्हणायला गेल्या, पण आवाज थट्टेचा राहिला नाही. "मग मी कोण गं?"

खिडकीत विचारलेलं 'नाव?' काकूंना आठवलं. रोजचं 'पुढचे या' आठवलं. एवढी वर्षं कचेरीत तोंड चालवणाऱ्या बाईला शब्द जुळवावे लागले.

"तुम्ही नसतात तर मी त्या टेबलावर एक दिवस बसले नसते. माझं पोर तुम्ही मोठं केलंत. आणि मी तुम्हाला खिडकीत नाव विचारलं. लाज वाटते मला, वन्सं."

मग त्यांनी वन्संच्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक आकडा सांगितला. वन्संनी एकेक दाबला. काचेवर बोट फिरवलं तशी सही वाकडीतिकडी, मुंगी धावल्यासारखी उमटली. "ही माझी?" त्या म्हणाल्या. "तुमचीच," काकू म्हणाल्या. पडद्यावर हिरवी खूण आली. 'पोचले.'

काकूंनी त्या खुणेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या वन्संच्या तोंडाकडे बघत होत्या.

"वन्सं, पोचलं का?"

वन्संनी पदराने नाक पुसलं. झोपेत चुळबुळणाऱ्या बाळावर हात ठेवला.

"पोचलं गं," त्या म्हणाल्या. "आता उतरताना जपून जा. जिना अजून जुनाच आहे."